कुळि पणियारम: बाहेरून काळे, आतून चिकट का होतात?

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात राहते. उरलेल्या इडलीच्या पिठाचे कुळि पणियारम, म्हणजे खळग्यांच्या पात्रात होणारे तमिळ गोळे, करते. बाहेरून काळपट होतात, आत चिकट राहतात आणि पात्राला धरून बसतात. नॉनस्टिक टाकून बिडाचं पात्र आणलं, तरी तेच. थंडीत पीठ फुगत नाही म्हणून सोडा घालते. पीठ नेमकं कसं करायचं? आणि हे आपल्या आप्प्यांपेक्षा वेगळे असतात का? पुढच्या रविवारी वीस माणसं नाश्त्याला आहेत."

नॉनस्टिकच्या पात्राला तुम्ही उगाच घराबाहेर काढलंत. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते आदल्या रात्रीच्या पातेल्यात आहे. पीठ नीट आंबत नाही, ती उणीव तुम्ही सोड्यानं भरून काढता, आणि तो सोडाच पणियारम काळे करतो. हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मीही हेच करत होते.

माझ्या नवऱ्याची नोकरी तमिळनाडूत कारैकुडीला होती, तिथल्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेत. चौदा वर्षं आम्ही तिथे काढली. कारैकुडी म्हणजे चेट्टिनाडचं मुख्य गाव, शिवगंगा जिल्ह्यात. बर्मा, मलाया, सिलोनमध्ये सावकारी आणि व्यापार करून गब्बर झालेल्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांचा हा मुलूख. त्यांचे वाडे एका गल्लीत सुरू होतात आणि मागच्या गल्लीत संपतात. पुढच्या चौकात लग्नं लागायची, सगळ्यात मागच्या चौकात चुली. तिथल्या वडीलधाऱ्या बायकांना आच्ची म्हणतात. आमच्या शेजारच्या आच्चींच्या त्या मागच्या चौकात मी पणियारम शिकले. परत आल्यावर पुण्यात घरगुती टिफिनचा व्यवसाय केला, सतरा वर्षं. शनिवार-रविवार सकाळी पणियारमच असायचे. तेव्हा बिघडवून झालेलं पीठही माझ्याकडे भरपूर आहे, आणि त्यातूनच बरंचसं कळलं.

आधी सोडा. आंबलेल्या पिठात आम्ल असतं, सोडा अल्कधर्मी. दोघं भेटले की वायू सुटतो, पीठ हलकं होतं आणि सोडा संपून जातो. तुमचं पीठ थंडीत आंबलेलंच नाही, म्हणजे त्यात आम्ल नावापुरतं. मग घातलेला सोडा बराचसा तसाच उरतो. उरलेल्या सोड्यानं तीन गोष्टी होतात: पिठाला पिवळसर छटा येते, जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते, आणि तव्यावर रंग फार झपाट्यानं चढतो. अल्कधर्मी पिठात प्रथिनं आणि साखर यांची तांबूस होण्याची क्रिया वेगानं होते, त्यामुळे बाहेरची बाजू दोन मिनिटांत काळवंडते आणि तेवढ्यात आतल्या पिठाला शिजायला वेळच मिळत नाही. शिवाय सोडा जास्त झालेला पणियारम तेल पितो. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण टिपकागदावर ठेवून बघा.

म्हणजे सोडा वर्ज्य आहे असं नाही. तिसऱ्या दिवशीचं आंबट ढाण पीठ, ज्यातली हवा बसून गेलेली आहे, त्याला तव्यावर ओतण्याआधी चिमूटभर सोडा चालतो. तिथे त्याला खायला आम्ल असतं. न आंबलेल्या पिठात तो घालणं म्हणजे भूक नसलेल्या माणसाला जेवायला बसवणं.

आता उरलेल्या इडलीच्या पिठाबद्दल. तमिळ घरात पिठाचा एक क्रम असतो: पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, तिसऱ्या दिवशी उत्तप्पा नाहीतर पणियारम. त्यामुळे पणियारम म्हणजे उरल्यासुरल्याची सोय, असा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धा खराही आहे. आच्ची मात्र पाहुणे येणार असले की वेगळं पीठ वाटायच्या. कारण सरळ आहे. इडलीचं पीठ वाफेसाठी असतं: तांदूळ रवाळ, पीठ दाट, सगळा तांदूळ उकडा. वाफेत ते सगळीकडून सारखं शिजतं. खळग्यात मात्र उष्णता एकाच बाजूनं येते, तीही तेलातून. दाट पिठाचा मधला भाग तिला गाठता येत नाही. पाणी घालून सैल करावं तर रवाळ तांदूळ तळाशी बसतो आणि वर नुसतं पातळ उडीद राहतं. म्हणून आत चिकट.

वेगळं पीठ असं करा. 200 मिलीची वाटी धरून एक वाटी उकडा तांदूळ, म्हणजे दुकानात इडली राईस म्हणून मिळतो तो, आणि एक वाटी साधा कच्चा तांदूळ. उडीद अर्ध्या वाटीला बोटभर कमी, आणि मेथीदाणे एक लहान चमचा. कच्च्या तांदळानं बाहेर कुरकुरीतपणा येतो, उकड्यानं आत मऊपणा. फक्त कच्चा घेतलात तर गरम असताना झकास लागतात, गार झाल्यावर दगड. फक्त उकडा घेतलात तर कवच येतच नाही. आच्ची सणाला कच्चा तांदूळ थोडा जास्त घ्यायच्या, कारण तेव्हा पणियारम तव्यावरून थेट पानात जायचे. डब्यात द्यायचे असतील तर उलटं करायचं, उकडा दीड वाटी आणि कच्चा अर्धी. टिफिनमध्ये मी हेच प्रमाण ठेवलं होतं.

कच्चा तांदूळ म्हणून कोलम घ्या, सोना मसुरी घ्या, रेशनचा तांदूळ मिळाला तर फारच छान. इंद्रायणी घेऊ नका. मी पहिल्या वर्षी माहेरून इंद्रायणी नेला होता, मोठ्या कौतुकानं. मावळातल्या तांदळाचा वास आच्चींनाही आवडला, पण त्याचे पणियारम आतून नुसते खळीसारखे झाले. त्यांनी एक मोडून बघितला, बोटं एकमेकांना चिकटली, आणि म्हणाल्या, "कण्णु, ह्या तांदळाचा भात कर. भाताचा तांदूळ आहे हा." बासमतीही नको. तो महाग पडतो आणि कामाचा नाही.

उडीद सोललेले पण अख्खे घ्या, ज्याला आपल्याकडे उडीद गोटा म्हणतात. आणि ताजे. पिठाचं फुगणं दोन गोष्टींवर असतं: वायू तयार होणं आणि तो वायू पिठात धरून ठेवला जाणं. दुसरं काम उडदाचं. त्यातली प्रथिनं आणि एक चिकट बुळबुळीत पदार्थ मिळून बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. वर्षभर डब्यात पडलेल्या डाळीत हा जोर राहत नाही. पीठ आंबट होतं, फुगत नाही, आणि माणूस बिचाऱ्या थंडीला नावं ठेवतो. मेथीही बुडबुडे धरायला मदत करते आणि वर सोनेरी रंग देते. तिचा हात सैल मात्र सोडू नका, कडवटपणा येतो.

तांदूळ पाच-सहा तास भिजवा, उडीद आणि मेथी एकत्र तीन-चार तास. उडदाचं पाणी फेकू नका, वाटताना तेच वापरा. आधी उडीद वाटायचे, गार पाणी थोडं थोडं शिंपडत, लोण्यासारखे हलके होईपर्यंत. वाटलेल्या उडदाचा एक थेंब पाण्यात टाका. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून वाटा. इथे मिक्सर दगा देतो. तो पीठ तापवतो आणि हवाही तितकी भरत नाही. बर्फाचं पाणी घेऊन, मध्ये मध्ये थांबून वाटलंत तर चालतं. सारखं करायचं असेल तर दगडी वेट ग्राइंडर घ्या. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या शहरानं तमिळ बायकांच्या खांद्यांवर जेवढे उपकार केलेत तेवढे कुणीच केले नसतील. आच्चींकडे जुना रगडा होता, चौकाच्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेला. मी तो तीनदा फिरवून बघितला आणि चौथ्यांदा ग्राइंडरकडे गेले.

तांदूळ इडलीपेक्षा बारीक, डोशापेक्षा किंचित जाडसर वाटायचा. दोन्ही एकत्र करून हातानं फेटा. पीठ पळीतून सोडल्यावर जाडसर, सलग धार पडली पाहिजे. गोळे पडत असतील तर इडलीचं झालं, पाण्यासारखी धार असेल तर डोशाचं.

थंडीचा भाग आता, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. पीठ आंबवणारे जीवाणू बाहेरून आणावे लागत नाहीत, ते तांदूळ आणि उडदाबरोबरच येतात. त्यात ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाचा जीवाणू महत्त्वाचा. तो आम्लही करतो आणि वायूही, म्हणून पीठ फुगतं. पीठ जसजसं आंबट होतं तसतसा तो मागे पडतो आणि जास्त आम्ल सोसणारे त्याचे भाऊबंद पुढे येतात. ते आंबटपणा वाढवतात, वायू फारसा देत नाहीत. तिसऱ्या दिवशीचं पीठ आंबट असूनही बसलेलं का असतं, ते यावरून कळेल. या सगळ्या मंडळींना 28 ते 32 अंश तापमान मानवतं. कारैकुडीत ते वर्षाचे बहुतेक महिने आयतं मिळायचं. मे महिन्यात तर पाच-सहा तासांत पीठ पातेल्याबाहेर यायचं, आणि सकाळी आच्चींचा पहिला प्रश्न मागच्या दारातून, "मावु पोंगिरुच्चा?" पीठ फुगलं का? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो. तिथे रात्रभर ओट्यावर ठेवलेलं पीठ फुगत नाही यात नवल काहीच नाही. त्याला जास्त वेळ तरी द्या नाहीतर ऊब तरी.

मी दोन्ही द्यायचे. पातेलं मोठ्या स्टीलच्या डब्यात, डब्याच्या तळाशी कोमट पाण्याचा एक तांब्या, झाकण लावून वर जुनी गोधडी. झोपण्याआधी तांब्यातलं पाणी एकदा बदलायचं. ओव्हन असेल तर तो चालू न करता फक्त आतला दिवा लावून ठेवा, बहुतेक ओव्हनमध्ये तेवढी ऊब पुरते. कढत पाण्यात पातेलं ठेवण्याचा उतावळेपणा करू नका. कडेचं पीठ शिजतं आणि जीवाणू मरतात.

मिठाबद्दल दोन तट आहेत आणि दोन्ही आपापल्या गावात बरोबर आहेत. मीठ आंबण्याचा वेग कमी करतं. कारैकुडीत ते वाटतानाच घालायचे, कारण तिथे वेगाला आवर घालायचा असतो. पुण्याच्या थंडीत पीठ फुगल्यावर घाला. आयोडीनच्या मिठानं पीठ आंबत नाही असं मला अनेकजणींनी सांगितलं. सतरा वर्षं मी तेच मीठ वापरलं, कधी फरक दिसला नाही. हातानं फेटल्यावर पीठ जास्त फुगतं याचं श्रेय हातातल्या गुणाला देतात. हाताची ऊब लागते आणि हवा भरली जाते, एवढं मला पटतं.

फुगलेलं पीठ ओळखायचं कसं? आकार दुपटीच्या आसपास, वर बारीक जाळी, आणि चमचा घातला की आतून फसफस असा हलका आवाज. वास ताकासारखा आंबूस, पण नाक मुरडावं इतका नाही. पणियारमला इडलीपेक्षा थोडा जास्त आंबटपणा शोभतो, म्हणून फुगल्यावर लगेच घाई न करता दोन तास आणखी ठेवा. उन्हाळ्यात मात्र हे दोन तास फ्रिजमध्ये.

फोडणीत तिळाचं तेल, मोहरी, उडदाची आणि हरभऱ्याची डाळ, हिंग, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कढीपत्ता आणि छोटे सांबार कांदे. ते नसतील तर साधा कांदा. खोबऱ्याचे बारीक तुकडे दाताखाली आले पाहिजेत, म्हणून किसायचं नाही, चिरायचं. कांदा पूर्ण पारदर्शक होईपर्यंत परता आणि फोडणी गार झाल्यावरच पिठात घाला. कच्चा कांदा घातलात तर त्याचं पाणी पिठात सुटतं, खळग्यात कांद्याभोवती ओला भाग राहतो, आणि तुमचा "आत चिकट" पुन्हा हजर. जेवढं पीठ लगेच लावायचंय तेवढ्यातच फोडणी कालवा. कांदा घातलेलं पीठ रात्रभर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वास येतो.

पात्राचा थोडा दोष आहे तो आता मान्य करते. बिडाचं नवं पात्र मुरल्याशिवाय धरतंच. तमिळमध्ये याला पळक्कुवदु म्हणतात, म्हणजे पात्राला सवय लावायची. साबणानं एकदाच धुवा, मग तीन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवा, पेज रोज बदला. नंतर कोरडं करून आतून-बाहेरून तेल चोळा, धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. हे तीन-चार वेळा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून प्रत्येक खळग्यात फिरवा. पहिले दोन-तीन घाणे तरीही मोडतील. ते पात्राचे समजून आपणच खाऊन टाकायचे, पाहुण्यांना दाखवायचे नाहीत. मुरलेलं पात्र पुन्हा साबणानं घासू नका. आमच्या मदतनीस मावशींनी एकदा प्रेमानं चुन्यासारखं पांढरं होईपर्यंत घासलं होतं. मी काही बोलले नाही, आत जाऊन पेज काढत बसले. गूळ घातलेले गोड पणियारम नव्या पात्रात मुळीच लावू नका, गूळ धरतो आणि जळतो. आणि टाकलेलं नॉनस्टिक अजून कचऱ्यात गेलं नसेल तर परत आणा. रविवारी लागेल.

भाजताना आच मध्यम. पात्र पुरतं तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरत उडाला पाहिजे. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तिळाचं तेल. चेट्टिनाडात हेच तेल, नल्लेण्णै, शब्दशः चांगलं तेल. पीठ खळग्याच्या पाऊण भागापर्यंतच ओता. वरची जागा फुगण्यासाठी आहे. घरच्या गॅसवर मधला खळगा जास्त तापतो, म्हणून कडेच्यांत आधी ओता, मधल्यात शेवटी, आणि काढताना मधला आधी. एवढ्या एका गोष्टीनं माझा निम्मा जळका माल वाचला. झाकण ठेवून दोन मिनिटं. कडा सुटून सोनेरी दिसल्या आणि मधोमध पीठ किंचित ओलसर असलं की उलटायचं. विणकामाची सुई किंवा लाकडी काडी कडेनं घालून फिरवा, चमच्यानं ढकलू नका. न सुटणारा पणियारम तयार झालेला नसतो. त्याला अर्धं मिनिट द्या, आपोआप सुटतो. उलटल्यावर झाकण नको, नाहीतर वाफेनं कवच मऊ पडतं. सगळे मिळून चार-पाच मिनिटं. आत काडी खुपसून बघा, कोरडी आली पाहिजे.

उरलेल्या इडलीच्या पिठाचेच करायचे असतील तर एक उपाय आहे. चार वाट्या पिठाला अर्धी वाटी कच्चा तांदूळ तीन तास भिजवून अगदी बारीक वाटा, पिठात मिसळा आणि तासभर उबेला ठेवा. पीठही सैल होतं आणि कवचही येतं. विकतचं तांदळाचं पीठ घातलं तरी चालतं, पण मग अर्धा तास मुरू द्या, नाहीतर पिठूळ लागतं.

सोबतीला चेट्टिनाडात लाल चटणी. रामनाथपुरमकडची गोल, जाड सालीची मुंडू मिरची आठ-दहा, गरम पाण्यात भिजवून, बिया थोड्या झाडून. दहा-बारा सांबार कांदे, चार लसूण पाकळ्या, बोराएवढी चिंच, मीठ. सगळं कच्चंच बारीक वाटायचं आणि वर दोन चमचे तिळाच्या तेलाची मोहरी-उडदाची फोडणी. मुंडू नसेल तर निम्मी बेडगी आणि निम्मी लवंगी. नुसती लवंगी घेतलीत तर पाहुणे परत येणार नाहीत. नारळाची पांढरी चटणीही ठेवा, लहान मुलं तिच्यावरच असतात.

आता आप्पे की पणियारम. पात्र एकच, आणि ते कल्पनेनं फार दूरवर पोचलेलं आहे, डेन्मार्कचे एब्लेस्किव्हर आणि जपानचे ताकोयाकी अशाच खळग्यांत होतात. दक्षिणेत नावं गावागणिक बदलतात. तमिळमध्ये कुळि पणियारम, कुळि म्हणजे खड्डा. कन्नडमध्ये पड्डू किंवा गुंडपोंगलु, आणि त्यात पोहे घालायची पद्धत बरीच आढळते. आंध्रातल्या रायलसीमेत गुंत पोंगनालु, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गाड्यांवर. केरळचा उण्णियप्पम त्याच खळग्यातला, पण तांदूळ, गूळ, केळं आणि खोबऱ्याचे तुकडे घालून तुपात वा तेलात बुडवून तळलेला. कोट्टारक्करच्या गणपतीचा तो प्रसाद. आपल्या कोकणात आणि गोव्यात आप्पे दोन तऱ्हांचे. तांदूळ-उडदाचे आंबवलेले तिखट आप्पे पणियारमचे सख्खे भाऊच, फरक तेलाचा आणि फोडणीचा. पण फणसाच्या रसाचे किंवा काकडीचे गोड आप्पे तांदळाच्या रव्याचे, गुळाचे, आंबवण्याच्या भानगडीत न पडणारे. आणि शहरात रवा-ताक-सोड्याचे झटपट आप्पे म्हणून जे करतात ते चांगले लागतात, मीही करते, पण त्यात तांदूळही नाही आणि आंबवणंही नाही. तुम्ही बहुधा त्या आप्प्यांच्या सवयीनं पणियारममध्ये सोडा घालायला लागलात.

चेट्टिनाडातही सगळे पणियारम खळग्यातले नसतात हे तिथे गेल्यावरच कळतं. वेळ्ळै पणियारम म्हणजे पांढरे पणियारम कच्चा तांदूळ आणि उडदाचं पीठ न आंबवता कढईत एकेक सोडून तळतात. कडेला झालर येते, रंग पांढराच राहायला हवा. लग्नाच्या पंगतीत लाल चटणीबरोबर ते आले नाहीत तर पंगत अपुरी. पाल पणियारममध्ये छोटे गोळे तळून नारळाच्या दुधात सोडतात. मला स्वतःला वेळ्ळै पणियारम चौदा वर्षांत दोनदाच मनासारखे जमले, तेव्हा त्यांची कृती माझ्याकडून घेऊ नका.

गोड पणियारम करायचे असतील तर याच पिठाला, फोडणी घालण्याआधी, काढून ठेवलेल्या भागात गुळाचं गाळलेलं, गार पाणी आणि वेलदोडा. तिकडे करुपट्टी, म्हणजे ताडाचा गूळ घालतात, त्याला धुरकट गोडवा असतो. साध्या गुळानं काम भागतं. आच मंद ठेवा आणि तेलाऐवजी तूप.

आता तुमचा रविवार. वर दिलेल्या दोन वाट्या तांदळात 40 ते 45 पणियारम होतात. वीस माणसांना सहा-सहा धरले तर 120, म्हणून तिप्पट करा: तीन वाट्या उकडा, तीन वाट्या कच्चा, सव्वा वाटी उडीद, मेथी तीन चमचे न घेता अडीच. शनिवारी सकाळी दहाला तांदूळ भिजवा, बाराला उडीद. चार वाजता वाटायला बसा, पाचपर्यंत पीठ डब्यात आणि गोधडीत गेलं पाहिजे. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. रविवारी सहा-साडेसहाला झाकण उघडा. फुगलं असेल तर मीठ घालून हलक्या हातानं ढवळा, नसेल फुगलं तर आठपर्यंत तसंच ठेवा, तोवर चटण्या आणि फोडणी होतील. एका पात्रात सात खळगे, एक घाणा पाच मिनिटांचा. एकट्या बिडाच्या पात्रानं दीड तास जाईल आणि पहिले सात गार होतील. दोन शेगड्यांवर दोन पात्रं लावा, आणि पाहुण्यांना स्वयंपाकघरातच बोलवा. शेजारी कुणाकडे बारा खळग्यांचं असेल तर शनिवारीच मागून ठेवा. रविवारी सकाळी मागायला गेलात तर त्यांनाही नाश्त्याला बोलवावं लागेल, आणि मग पीठ पुरणार नाही.